देवीचा कोंबडा आणि माळावरचं खोकड

गोजरबाईसमोर खोकडाला चोर म्हणायचं नाही, हे शेणव्याच्या पुढच्या त्या लहानशा गावात नव्या सुनेलाही लवकरच कळतं. आधी कुणी सांगत नाही. ती बिचारी कधीतरी कोंबडीचं पिल्लू हरवलं म्हणून बोलून जाते, "खोकडानं नेलं असंल," आणि गोजरबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवते. पाटी खाली आली की शेजारणी हळूच आपापल्या दारात सरकतात.

"तू बघितलंस? तुज्या डोळ्यांनी?"

"नाय."

"मग कोनी बघितलं?"

"कोनी नाय, पन..."

"पन काय? पन काय गो? नाव कसं आलं तुज्या तोंडात?"

लोक म्हणतात, बाई तापट आहे. असेल. पण तापट माणसाच्या रागालाही कारण असतं. ते कारण साऱ्या गावाला माहीत आहे आणि सारं गाव ते विसरायला बघतं. म्हणून ते सांगायलाच हवं.

गोजर मुरबाडकडची, म्हसा गावाच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा घरात सासू, सासरे, नवरा ज्ञानेश्वर आणि धाकटा दीर धाऊ. ज्ञानेश्वर वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. शेतात सासरे राबायचे आणि धाऊ बांधावर बसून बघायचा. गोजर आली आणि घरातल्या सगळ्या चुकांना एक धनी मिळाला. दूध नासलं, गोजर. गाय आटली, गोजर. सासऱ्यांची चप्पल कुत्र्यानं पळवली, तरी गोजरनंच ती उंबऱ्याबाहेर ठेवली असणार.

एकदा शिंक्यावरचं लोणी गेलं. सासू म्हणाली, "माहेरी खायला नव्हतं, त्याचं हे." पुढं दोन दिवसांनी सासूनं स्वतःच्या डोळ्यांनी बोका शिंक्यावर बसलेला पाहिला. बोक्याला काठीनं हाकललं, शिव्या घातल्या. पण "चुकलं गो माजं" हे शब्द काही तिच्या तोंडून आले नाहीत. ती बिचारी पुढं वारली, तिच्या आत्म्याला शांती मिळो. पण तो बोल गोजरच्या अंगावर वाळलेल्या चिखलासारखा राहिला तो राहिलाच.

खोकडाशी तिची ओळख झाली शेणापायी. आमच्याकडं भाताचं रोप टाकायचं तर आधी तो तुकडा भाजून घ्यावा लागतो. त्याला राब म्हणतात. खाली शेण पसरायचं, वर झाडांचा टहाळ, त्यावर पाचोळा आणि गवत, सगळ्यावर बारीक माती, आणि चैत्र-वैशाखात एक दिवस वारा बघून पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमानं वर येतं. त्यासाठी घरातली बाई उन्हाळ्याआधीपासूनच माळावर शेण वेचत फिरते. गोजरही फिरायची. आणि तिच्या आधी माळावर कोणीतरी शेण उलटंपालटं करून गेलेलं असायचं.

तिला वाटलं, शेजारची शकूच करते मुद्दाम. भांडायच्या तयारीनंच ती एका सकाळी लवकर गेली, तर शकू नव्हती, खोकड होतं. मांजराहून जरा मोठं, राखाडी अंग, सडपातळ तांबूस पाय, कान तोंडाच्या मानानं उगाच मोठे. शेपूट तर झुबकेदार, टोक काजळाच्या डबीत बुडवून काढल्यासारखं काळं. ते शेणाची एकेक वाळली पो पंजानं उलटायचं, खालचा भुंगा दातांत धरून कुरूमकुरूम खायचं आणि पुढच्या पोवर जायचं. गोजर बघतच राहिली. मग म्हणाली, "खा बाबा. पन उलटी केलीस ती परत सुलटी करत जा." खोकडानं कान तिच्याकडं वळवले, थोडं थांबलं आणि शेपूट मागं सरळ धरून गवतात गेलं.

त्यानंतर ती बघतच गेली. माळावर जोडी होती, नर आणि मादी. कोल्हे टोळीनं ओरडत फिरतात, तसं यांचं नव्हतं. संध्याकाळी दोघं बाहेर पडायची, उंदरामागं उड्या मारायची. उधईच्या वारुळाला कान लावून अशी उभी राहायची, की देवळात कीर्तन ऐकताहेत. भाद्रपदात बांधावरचे खेकडे, हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात करवंदं. थंडी सरताना मादी बिळात जायची ती दिसायचीच नाही, आणि नर तोंडात उंदीर धरून ये-जा करायचा. मग होळीच्या पुढंमागं बिळाच्या तोंडाशी तीन-चार टोकदार नाकं. गोजरला त्या नराचं फार कौतुक. "बायको बाळंतीन हाय तर घरात आनून देतो," ती धाऊला ऐकवायची. धाऊच्या बायकोनं तेव्हाच माहेर जवळ केलं होतं आणि त्याला कारणही होतं.

कोंबडीचं पिल्लू उघड्यावर सापडलं तर खोकड सोडेल का? नाही सोडणार. गोजरही तसं म्हणत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पाहिलं असेल तर बोला.

आता सत्याण्णव सालच्या चैत्राची गोष्ट.

गावात अशी रीत आहे, की गावदेवीच्या पूजेआधी पाळीच्या घरानं एक कोंबडा देवीच्या नावानं सोडायचा. पायात लाल नाडा बांधला की तो देवीचा. तो कुणाच्याही अंगणात शिरो, वाळत घातलेलं धान्य खावो, त्याला हाकलायचं नाही, उलट मूठभर दाणे टाकायचे. त्या वर्षीचा कोंबडा तांबडा, भला दांडगा होता. शकूच्या घरची पाळी होती. पूजेला आठवडा राहिला असताना एका गुरुवारी सकाळी देवळाजवळच्या आंब्यावरून तो आरवला नाही.

पहिलं बोट कुठं गेलं असेल? वाडीकडं. गावाच्या कडेला जी बिनजमिनीची घरं आहेत, जी माणसं आमच्या शेतात लावणी करतात, आमचा राब वाहतात, त्यांच्याकडं. चारचौघं जाऊन त्यांच्या चुली बघून आले, मडक्यांत डोकावून आले. बाया-माणसांच्या घरात शिरून मडकी बघितली! वाडीतली बारकी नावाची बाई गोजरकडं कामाला यायची. ती त्या दिवशी टहाळाची मोळी धाडकन अंगणात टाकून म्हणाली, "गोजरबाय, तुमच्या देवीला आमी पन हात जोडतो. तिचा कोंबडा खाऊन आमी कुठं जानार गो?"

"मी बोलले का तुला काय?"

"तुमी नाय बोलल्या. पन अडवला पन नाय कोनी."

गोजरनं बारकीला चहा दिला. तो बारकीनं घेतला, पण त्या दिवशी पायरीवर बसून नाही, उभ्यानंच.

वाडीत काही सापडलं नाही. गाव जरा ओशाळलं. आणि शुक्रवारी धाऊ आणि त्याचा जोडीदार रामू बातमी घेऊन आले, माळावर खोकडाच्या बिळाशी तांबडी पिसं पडली आहेत! लाल नाडाही तिथंच! गावानं असा सुटकेचा श्वास सोडला की विचारू नका. चोर मिळाला, शिवाय बोलणार नाही, भांडणार नाही असा. लगेच ठरलं, शनिवारी दुपारी बिळाची तोंडं दगडांनी बुजवायची, एका तोंडाशी टहाळ-गवत रचून पेटवायचं, धूर आत गेला की संपलं. पूजेआधी देवीचा अपराधी मारला, म्हणजे देवीही शांत.

"आत पिल्लं हायत," गोजर म्हणाली.

"म्हंजे पुढचे चोर पन तिथंच, वयनी," धाऊ म्हणाला आणि सगळे हसले.

शनिवारी सकाळी गोजर शेण वेचायला म्हणून गेली ती थेट बिळाशी. खोकडाच्या बिळाला एक तोंड नसतं, पाच-सहा असतात, आणि वापरात असलेलं कुठलं ते बघणाऱ्याला कळतं. तिथं ताजी माती असते, खेकड्यांच्या नांग्या असतात, विष्ठेत भुंग्यांचे चकाकते पंख आणि बोरांच्या बिया असतात. पिसं मात्र पडली होती जुन्या तोंडाशी, जिथं कोळ्याचं जाळंसुद्धा मोडलं नव्हतं.

तिनं पिसांची मूठ उचलली. पिसं एकमेकांना चिकटून वाळली होती, झुबक्यानं. जनावर फाडतं तेव्हा पिसाबरोबर कातडं येतं, रक्त येतं, दांडी चावलेली असते. ही पिसं मुळापासून स्वच्छ, कोंबडी कढत पाण्यात बुडवून उपटल्यावर येतात तशी. गोजरनं आयुष्यात कितीतरी कोंबड्या साफ केल्या होत्या. ते ओल्या पिसांचा लगदा होणं तिच्या बोटांना पाठ होतं.

आणि मग तिला बुधवारची संध्याकाळ आठवली. धाऊनं पातेलं आणून दिलं होतं. "वयनी, रामूच्या मेव्हन्यानं वाशिंदवरनं बॉयलर आनला. नदीवर शिजवला. तुमच्या वाट्याचा घ्या." तिनं भाकरीबरोबर दोन फोडी खाल्ल्या होत्या. तेव्हाच म्हणाली होती, "बॉयलर कसला रे हा? दातांत अडकतोय. गावठीसारखा चिवट हाय." धाऊ म्हणाला होता, "शिजला कमी."

गोजर तिथंच खाली बसली. मंगळवार-शुक्रवार देवीचे उपास करणारी बाई ती. पाळीच्या दिवसांत देवळाच्या वाटेनंही न जाणारी. तिच्या तोंडात तिच्याच घरच्या माणसानं देवीचा कोंबडा घातला होता, आणि वर हसून विचारलं होतं, अजून देऊ का.

घरी आली तेव्हा ज्ञानेश्वर रात्रपाळी करून नुकताच आला होता, पाय धूत होता. तिनं त्याच्यापुढं पिसं टाकली आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायावर पाणीच ओतत राहिला.

"अगं, हलू बोल," तो शेवटी म्हणाला. "भाऊ हाय माजा. घरातली गोष्ट हाय. आपन गुपचूप दुसरा कोंबडा आनून देऊ."

"आन माळावर जाळनार हायत त्यांचं?"

"जनावर हाय ते, गोजरे. त्याला कुठं इज्जत असते?"

"वाडीतल्या बायांच्या चुली बघितल्या, त्यांना पन इज्जत नसते का?"

"तू कशाला वकिली करतेस सगळ्यांची?"

"माज्या नावावर लोनी पडलं होतं तेव्हा तुमी पन असंच पायावर पानी ओतत बसला होतात," ती म्हणाली. त्यानं तांब्या खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लोण्याचा विषय तिनं त्याच्यापुढं त्या दिवशी पहिल्यांदा काढला.

दुपारी माणसं माळावर आली. टहाळाच्या मोळ्या, रॉकेलचा डबा, दगडांच्या पाट्या. सगळ्यात पुढं धाऊ, जणू लग्नाची वरात निघाली आहे. देवीचे भिवा भगतही काठी टेकत आले होते. बघतात तो गोजर शेणाची रिकामी पाटी उलटी घालून बिळाच्या तोंडावर बसलेली. थोड्या अंतरावर बारकी उभी होती, आणि तिच्यामागं वाडीतल्या आणखी दोन-तीन बाया.

"वयनी, उठा. ऊन लागंल," धाऊ म्हणाला.

"लागू दे. भगतबाबा, तुमी मोठं मानूस. ही पिसं हातात घ्या."

भगतांनी घेतली.

"खोकडानं खाल्ला ना कोंबडा? मग मला एवढं सांगा, पानी कशात तापवलं त्यानं? पातेलं कुठनं आनलं? चूल मांडायला तीन दगड कोनी दिलं त्याला?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. भगतांनी पिसांचा झुबका बोटांनी सोडवला, पुन्हा चिकटवून बघितला. त्यांच्याही घरात कोंबड्या साफ होत होत्या. मग त्यांनी बोटं धोतराला पुसली.

रामू म्हणाला, "म्हंजे वाडीवालेच. खाल्ला त्यांनी आन टाकली इथं."

बारकी नुसती गोजरकडं बघत होती, परवा उभ्यानं चहा घेतला होता तशीच. आणि गोजर उठली.

"चला," ती म्हणाली, "आताच्या आता देवळात चला. वाडीतलं, गावातलं, समदं. एकेकानं देवीच्या पायरीवर हात ठेवायचा आन सांगायचं, मी खाल्ला नाय. पैली मी ठेवते हात. पन मला तसं बोलता येनार नाय, भगतबाबा. कारन मी खाल्लाय."

मागच्यांनी डोक्यावरच्या मोळ्या खाली ठेवल्या.

"दोन फोडी खाल्ल्यात. बुधवारी. बॉयलर म्हनून वाढला मला. कोनी वाढला, ते त्यानं सांगावं. मी नाव नाय घेनार. बघितल्याशिवाय नाव घ्यायची रीत तुमची, माजी नाय."

धाऊनं रॉकेलचा डबा खाली ठेवला. आधी रामूकडं पाहिलं, रामूनं मोळीच्या दोरीकडं पाहिलं. ज्ञानेश्वर झोप सोडून मागून आला होता. तो पुढं होऊन भावाला एवढंच म्हणाला, "सांग रे." आणि धाऊनं सांगितलं. नदीवर दारूची बाटली फोडली होती, खायला काही नव्हतं, कोंबडा आंब्याच्या खालच्या फांदीवर होता.

आता खरा राग यायची गोष्ट पुढंच आहे. नाव धाऊचं निघाल्याबरोबर गावाचा सूर कसा बदलला! "जाऊ दे, पोरंच ती." "पिऊन झाली चूक." "देवी आई हाय, पोटात घालंल." चूक वाडीची असती तर वाडी उठवली असती. खोकडाची ठरली तेव्हा पिल्लांसकट जाळायला निघाले होते. गावच्या पोराची निघाली तर झालं गेलं! धाऊ तेव्हा तिशी ओलांडलेला होता. पोर म्हणे!

गोजरनं तिथं कुणाला सोडलं नाही. शकूच्या नवऱ्यापासून भगतांपर्यंत प्रत्येकाला त्यानं काल काय म्हटलं होतं ते शब्दाला शब्द परत दिलं. शेवटी भगत म्हणाले, "बये, बास कर. दोघांनी नवा कोंबडा द्यायचा, देवीपुढं नाक घासायचं आन वाडीत जाऊन बारकीपुढं हात जोडायचं. तुजा पन त्यांनी अपराध केलाय. तुला काय दंड पायजे तो सांग."

"आता नाय सांगत," गोजर म्हणाली. "येळ आली की मागीन."

माणसं मोळ्या उचलून गेली. गोजर वाकून बिळात बघू लागली. ताज्या तोंडाशी गेली. आवाज नाही, वास जुना. पिल्लं नव्हती. तिला वाटलं, कुणी आधीच येऊन मारून टाकली. त्या संध्याकाळी ती देवीपुढं बसली, कपाळ टेकलं. नकळत खाल्लेल्याची क्षमा मागितली आणि नाकही घासलं. पण उठताना तिच्या तोंडून निघालं, "तुजा कोंबडा गेला तर साऱ्या गावाला घाम फुटला. त्यांची पोरं गेली, त्यांचं कोन बघनार?" असं देवीला विचारू नये. पण तिनं विचारलं, आणि मला वाटतं देवीनं ऐकलं.

कारण पूजा आटोपल्यावर राब पेटवायचा दिवस आला. गोजरच्या भाताच्या खाचरात राब रचून तयार होता, महिन्याभराचं शेण, बारकीनं वाहिलेला टहाळ, पाचोळा, माती. उजाडता उजाडता ती वाऱ्याची दिशा बघायला गेली तर बांधाच्या कडेला, राबाला अगदी लागून, ताजी माती उकरलेली. तिथं जुनं एक बीळ होतं, उंदरांचं म्हणून कुणी लक्ष देत नसे. आता त्याचं तोंड रुंद झालं होतं. बाहेर खेकड्याची नांगी, भुंग्यांचे पंख. आणि वर बांधावर, मोठे कान उभे करून, नर. माणसांची वर्दळ वाढली की खोकड पिल्लांना तोंडात धरून एकेक करून दुसऱ्या बिळात नेतं, हे तिला तेव्हा कळलं. मादी साऱ्या माळावरून हिंडून नेमकी तिच्या राबापाशी येऊन राहिली होती.

काडीची पेटी गोजरच्या कमरेलाच होती.

ती घरी आली. धाऊ अंगणात दात घासत होता.

"भावजी, दंड मागते."

"मागा वयनी," धाऊ म्हणाला. त्याला वाटलं, साडी-बिडी मागेल.

"राब उचला. तुमी आन रामू. वरच्या खाचरात न्या, आन जसा होता तसाच परत रचा. शेन खाली, टहाळ वर. माती चाळून."

धाऊच्या तोंडातली राखुंडी तशीच राहिली. "सगला? वयनी, महिन्याचा राब हाय! त्यापेक्षा दुसरा कोंबडा..."

"कोंबडा देवीचा दंड होता. ह्यो माजा. आन बारकीला बोलवायचं नाय. स्वताच्या डोक्यावर."

चैत्रातलं ऊन, वाळलेलं शेण, काट्याचा टहाळ आणि डोक्यावरून घरंगळणारी माती. धाऊ आणि रामू वाहत राहिले, आणि गाव बांधावर येऊन बघून गेलं. शकूनं विचारलं, "धाऊभावजी, पिसं पन न्यायची हायत का वर?" बारकी आली, पायरी सोडून बांधावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "माती चाळा बरोबर. खडं राहिलं तर रोप नीट येत नाय." ज्ञानेश्वर पाळीवरून आला. त्यानं एक पाटी उचलली. गोजरनं पाहिलं. पाटी हातातून काढून घेतली नाही.

त्या वर्षी राब वरच्या खाचरात पेटला. खालचा बांध तसाच राहिला. संध्याकाळी धाऊ कंबर धरून घरी गेल्यावर गोजर बिळाच्या समोर गेली. नर होताच तिथं, तोंडात उंदीर, कान उभे.

"आन तू रे," ती त्यालाही सोडेना. "सारा माळ मोकला पडला होता. बायको-पोरांना घेऊन यायला राबच दिसला का तुला? जागा बघून तरी बीळ करावं मानसानं!"

खोकडानं उंदीर खाली ठेवला नाही. गोजरनं बोलायचं थांबवलं तेव्हा ते तिच्या पायांजवळून वाकून बिळात गेलं.